दुखणं आलंच नाही

पाण्याचा कॅन घेऊन येणाऱ्या बादलच्या हातातून कॅन निसटला, फरशीवर आपटून त्याचं झाकण उडालं आणि गार पाण्याचा सगळा लोट दीपाच्या पायांवर आला. सलवार गुडघ्यांपर्यंत चिंब झाली, मोजे भिजले, काउंटरखाली रचलेल्या चष्म्यांच्या रिकाम्या डब्या फरशीवर इकडून तिकडे वाहायला लागल्या. जानेवारीची सकाळ होती. यवतमाळात त्या आठवड्यात अशी थंडी पडली होती की लोक दुपारीसुद्धा कानाचा रुमाल सोडत नव्हते. बादल घाबरून “ताई, चुकलं, ताई,” करत राहिला. दुकानाचे मालक हरिसिंगकाका आतल्या खोलीतून लेन्स घासायचं मशीन तसंच चालू ठेवून धावत आले. दीपा मात्र जागची हलली नाही. हातातली चष्म्याची फ्रेम छातीशी धरून ती उभी होती, आणि तिचं सगळं लक्ष खाली, दोन्ही गुडघ्यांच्या आत लागलं होतं.

“अवो, उभी काय राह्यली अशी? घरी जाऊन कपडे बदलून ये,” हरिसिंगकाका म्हणाले. “या थंडीत आजारी पडशीन, बेटा.”

“वाळते काका,” ती म्हणाली. “मले काही होत नाई.”

बोलून झाल्यावर तिला आपलेच शब्द ऐकू आले. मला काही होत नाही. हे वाक्य ती सत्तावीस वर्षांत कधी बोललेली नव्हती. तिच्या घरात हे वाक्य फक्त विजूच्या वाट्याचं होतं, धाकट्या बहिणीच्या. “विजूले काही होत नाई, ते घोड्यावानी आहे,” असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दीपाला आणि तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या धम्मरत्नला सगळंच होत असे. दोघांनाही जन्मापासून सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकून बसतात आणि जिथे अडकतात तिथलं हाड ठणकायला लागतं, असं शाळेत आलेल्या डॉक्टरनं फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. चित्र सोपं होतं. गार पाणी, थंडी, ताप, जास्त पळणं, रडणं, यातलं काहीही त्याला पुरत असे. आंघोळीच्या पाण्यात आई स्वतःचा कोपर बुडवून बघितल्याशिवाय दोघांना मोरीत जाऊ देत नव्हती. पावसात भिजलेली दीपा म्हणजे घरात धावपळ, गरम पाण्याच्या पिशव्या, वणीला जायला गाडी कोणाची मिळते याची चौकशी.

आणि आता ती पिंडऱ्यांना चिकटलेल्या ओल्या सलवारीत उभी होती. दुखणं येण्याआधी एक वेळ असायची, ती तिला नीट माहीत होती. तेव्हा अजून काही दुखत नसे, पण हाडाला जाग आलेली असे, म्हणजे एरवी हाड आहे हे कळत नाही ते कळायला लागे. ती त्या जागेची वाट बघत होती. दुपारपर्यंत गिऱ्हाइकं आली. एका म्हाताऱ्याला लांबच्या-जवळच्या दुहेरी नंबरचा चष्मा घालून जिना उतरता येत नव्हता, त्याला तिनं मान कशी खाली करायची ते दाखवलं. एका मुलीच्या नाकावर फ्रेम बसत नव्हती, तिचे पॅड तिनं वाकवून दिले. मध्येच काउंटरखाली हात नेऊन ती गुडघ्याची वाटी दाबून बघायची. गुडघा नुसता गार होता. दोन वर्षांपूर्वी नागपूरला तिचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, तेव्हापासून एकदाही दुखणं आलेलं नाही, आणि येणार नाही, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनी तसे रिपोर्ट दाखवले होते. पण दोन वर्षं तिनं स्वतःला सांभाळलंच इतकं होतं की असं सरळ कधी भिजायची वेळ आली नव्हती. आज भिजली, आणि दुपारी सलवार अंगावरच वाळून गेली, आणि काहीच झालं नाही. एखाद्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. तिला मात्र कोणीतरी निघून गेल्याचं आज पक्कं कळल्यासारखं झालं.

त्यांचं घर राजूरला, वणीजवळ. वडील डोमाजी कोळशाच्या खाणीत कामाला. घरामागून थोड्या अंतरावर कोळसा भरलेली मालगाडी जायची आणि तिच्या आवाजानं भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर बारीक थरथरायची. धम्मरत्ननं दुखणं त्या गाडीवर मोजायला शिकवलं. खाटेवर एका बाजूला तो, एका बाजूला दीपा, मध्ये आईनं टाकलेलं कांबळं. तो विचारायचा, “दीपे, किती डब्यायची आहे?” ती दात आवळून सांगायची, “वीस.” मग तो म्हणायचा, “वीस म्हणजे काहीच नाई, माही तं दोन इंजिनची आहे,” आणि ती रडता रडता हसायची. दुखणं एकेक डब्यानं पुढे सरकतं आहे, शेवटचा डबा कधीतरी येणार आहे, असं धरून पडून राहायचं. हे त्या दोघांचंच होतं. आईला कळत नसे, बाबांना कळत नसे. विजू दारात उभी राहून बघायची, तिच्या हातात गरम पाण्याची पिशवी असायची, आणि पिशवी देऊन झाली की ती खेळायला पळून जायची. तिची पावलं अंगणातून धपधप करत लांब गेलेली खाटेवरून ऐकू यायची. पळणं म्हणजे काय असेल असं दीपाला तेव्हा वाटायचं. हेवा नव्हता तो. चिमणीकडे बघून तिच्या उडण्याचा कोणी हेवा करत नाही, तसं.

धम्मरत्न वीस वर्षांचा होऊन गेला. तेव्हाही थंडीच होती. दोघंही एकाच वेळी आजारी पडली होती, दोघांनाही वणीहून पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तो पुरुषांच्या वॉर्डात, ती भिंतीपलीकडे बायकांच्या. बाबा खाणीतून सुट्टी घेऊन यायला निघाले होते. आई दीपाजवळ बसली होती, कारण दीपा ओरडत होती आणि धम्मरत्न गप्प होता. गप्प आहे म्हणजे त्याचं बरं आहे असं सगळ्यांना वाटलं. बारा वर्षांच्या विजूला त्याच्याजवळ बसवलं होतं. दुपारी सिस्टरनं दीपाला इंजेक्शन दिलं, आणि त्यानंतर तिला झोप लागली. जागी झाली तेव्हा आई जवळ नव्हती. शेजारच्या खाटेवरची अनोळखी बाई तिच्या केसांवरून हात फिरवत होती, आणि त्या हातावरूनच तिला कळलं. त्याच्या छातीत त्या वाकड्या पेशी अडकल्या होत्या, फुप्फुसात. त्याला श्वास मिळाला नाही. ती झोपलेली होती. पुढे कितीतरी वर्षं तिला दुखायला लागलं की आधी त्या झोपेची आठवण यायची, कोऱ्या, काहीच नसलेल्या झोपेची, आणि मग ती मनात म्हणायची, दादा, वीस डब्यायची आहे. प्रत्येक वेळी तो थोडा यायचा. दुखणं ओसरायचं आणि तोही जायचा. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या तेव्हा ती ऐकत होती एक आणि तिच्या आत चाललं होतं दुसरंच. बाई चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. विजूची मज्जा पूर्ण जुळली होती. बाईंनी सांगितलं की आधी जोरकस औषधं देऊन दीपाची स्वतःची मज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा भाग, पूर्ण मारून टाकावी लागेल, त्याशिवाय नवी रुजायला जागा मिळत नाही. केस जातील. तोंड सोलवटून निघेल, पाणी गिळणंही जड होईल. मधले काही आठवडे अंगात स्वतःचं असं रक्त जवळजवळ नसेल, तेव्हा साधा सर्दीचा जंतूही जिवावर बेतू शकतो, म्हणून वेगळ्या खोलीत राहावं लागेल. मज्जा रुजेल, बहुतेक रुजेल, पण नाही रुजली असंही होतं. आणि रुजली तरी बहिणीच्या पेशी दीपाच्या शरीराला परकं समजून त्याच्यावर चालून जाऊ शकतात, त्यासाठी बरेच महिने औषधं. पाळी बंद होईल, बहुधा कायमची. मूल हवं असेल तर आधी बीजं काढून ठेवता येतात, पण त्याची इंजेक्शनं सिकलसेलमध्ये जोखमीची असतात. आई, रुखमाबाई, पदर तोंडाला लावून म्हणाली, “आधी माह्या पोरीचा जीव राहू द्या बाई.” दीपा म्हणाली, “बीजं नको. करा.” तिला तेव्हा मुलापेक्षा ‘मारून टाकावी लागेल’ हाच शब्द ऐकू येत होता. सगळ्यांचं विचारून झालं, बाई उठणार, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली विजू म्हणाली, “मॅडम, माह्यं आमच्या दादाले बी जुळलं असतं का?” बाईंनी तिच्याकडे बघितलं. “आता ते सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्या वेळी कोणी तपासलंच नव्हतं ना.” विजूनं मान हलवली. तिच्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख त्याच आठवड्यात आली होती, जेव्हा तिच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढणार होते. “भरती काय, पुढच्या वर्षी बी निघते,” असं तिनं बाबांना सांगितलं होतं.

दवाखान्यातल्या त्या वेगळ्या खोलीला एक खिडकी होती आणि ती उघडत नव्हती. गळ्याखाली नळी बसवलेली, तीतून सगळं जायचं. पहिल्या औषधांनी काही झालं नाही असं वाटलं, आणि मग एका सकाळी उशीवर केस राहिले. तोंडाच्या आत असं झालं की जीभ कोणाची तरी दुसऱ्याची, जळालेली, आणून ठेवली आहे. आई मास्क घालून, हात धुऊन धुऊन पांढरी पडलेली बोटं घेऊन बसायची, उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं तोंडात सोडायची. ताप यायचा, अंग हुडहुडायचं, पण ते सगळं वेगळं होतं, ओळखीचं दुखणं त्यात कुठेच नव्हतं. आणि ज्या दिवसासाठी हे सगळं, तो दिवस तर अगदीच साधा निघाला. सिस्टर एक पिशवी घेऊन आली. गडद लाल, जरा घट्टसर रक्ताची पिशवी, दीपानं आयुष्यात कितीतरी वेळा अशा पिशव्या वर टांगलेल्या पाहिल्या होत्या. “हीच?” ती म्हणाली. “हीच,” सिस्टर म्हणाली, “तुमच्या बहिणीची.” पिशवी टांगली, थेंब पडायला लागले, आई हात जोडून उभी राहिली. खालच्या मजल्यावर विजू कमरेला पट्टी बांधून पालथी पडलेली होती. दीपाला वाटलं होतं की काहीतरी जाणवेल, गरम वाटेल, निदान रडू येईल. तिला झोप आली. पुढे बरेच दिवस रोज रक्त तपासायचे आणि आकडे शून्याच्या आसपास असायचे, आणि ती विचार करायची, आता या क्षणी माझ्या हाडांत कोणीच नाही. मी नाही, दादा नाही, विजू अजून आलेली नाही. रिकाम्या घरासारखी हाडं. मग एके दिवशी डॉक्टरीणबाई हसतच आत आल्या आणि म्हणाल्या, “आली बरं का तुमची बहीण.”

घरी आल्यावर सगळे म्हणाले, दुसरा जन्म झाला. खरंच तसंच सगळं होतं. लहान मुलांच्या लसी तिला पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागल्या. केस आले ते कुरळे आले. रक्तगट बदलला. तिचा आणि धम्मरत्नचा एकच गट होता, बी, आणि ती एकमेकांना चिडवायची की आपल्या दोघांचं मिळून एकच रक्त आहे, विजूचं वेगळं. आता तिचा गट विजूचा झाला होता, ओ. जगात आता त्या जुन्या रक्ताचा थेंबही शिल्लक नव्हता. रक्त बिघडलेलंच होतं, त्यानंच त्याचा जीव घेतला, मग त्याच्यासाठी कोणी हळहळतं का, असं ती स्वतःला विचारायची. पुढे तिला यवतमाळला हरिसिंगकाकांच्या दुकानात काम मिळालं, विजूही इथेच आली, एका कपड्यांच्या मोठ्या दुकानात लागली, आणि आर्णी रोडच्या बाजूला एका खोलीत दोघी राहायला लागल्या. विजू पहाटे मैदानावर पळायला जायची. पुढची भरती निघाली तेव्हा तिची निवड थोडक्यात हुकली. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. दोघींत भांडण नव्हतं. पण बोलणंही फारसं नव्हतं. लहानपणी ज्या दोघांचं जमायचं त्यांतलं एक माणूस कमी झालं होतं, आणि उरलेल्या दोघींना एकमेकींची सवयच नव्हती. विजू भाजी टाकायची, दीपा पोळ्या लाटायची, कुकरची शिट्टी व्हायची.

कॅन सांडला त्या दिवशी संध्याकाळी दीपा खोलीवर आली तेव्हा विजू आलेली नव्हती. जिना चढताना तिला धाप लागली, ती नेहमी लागायची, तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं मोरीत जाऊन नळ सोडला. टाकीचं पाणी दिवसभर थंडीत राहून बर्फासारखं झालं होतं. तिनं कपड्यांसकट खाली बसून पहिला मग डोक्यावर ओतला. श्वास अडकला. दुसरा ओतला. मग तिनं बादलीच उचलली. तिला नेमकं काय हवं होतं हे तिला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बादली भरायची, ओतायची, थांबायची, गुडघे, कोपर, पाठीचा कणा, एकेका हाडाशी जाऊन कान लावायचा. दात वाजत होते, बोटं निळी पडली होती, पण आत काही जागं होत नव्हतं. ती पुटपुटली, “दादा, वीस डब्यायची,” आणि ते तिच्या कानांना खोटं वाटलं. खोटं सांगून त्याला बोलावता येत नव्हतं.

“ताई!” बाहेरून विजूनं दार ठोकलं. “ताई, एवढं पाणी काहून वाहून राह्यलं? गिझर तं बंद आहे.” आणि मग आवाज बदलून, “ताई, दार उघड. उघड म्हणते ना.”

कडी लागलेलीच नव्हती. विजू आत आली, तिनं नळ बंद केला, हाताला पाणी लागल्यावर ते किती गार आहे हे तिच्या लक्षात आलं. “अवं बाई, काय करून राह्यली तू हे? मरायचं आहे का तुले?”

“दुखत नाई वं विजू.”

“मंग?”

“काहीच दुखत नाई.” दीपाचे ओठ हलत होते पण शब्द नीट येत नव्हते. “दुखे तवा तो ये. दादा. तेवढंच होतं त्याचं माह्याजवळ. ते बी मारून टाकलं.”

विजूनं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि तिच्या डोक्यावर टाकून इतक्या जोरानं पुसायला लागली की दीपाची मान हलली. मग हात थांबले.

“म्हणजे मी दिलं ते काय दिलं?” ती म्हणाली. “मी काय दादाले मारून आली का तुह्या आंगात?”

“तसं नाई म्हटलं मी.”

“तसंच म्हटलं. तुमचं दोघायचं जे असे ते असे. कांबळ्यात घुसून डबे मोजत बसत होते. मले कोणी घेतलं का त्यात? तो माहा बी दादा होता ना? का मले दुखत नव्हतं म्हणून नव्हता?” ती खाली ओल्या फरशीवरच बसली. तिच्या अंगावर दुकानाचा निळा गणवेश होता, तो भिजला. “त्याच्याजवळ शेवटी कोण होतं, ताई?”

“तू.”

“मंग मले कधी इचारलं? तू, आई, बाबा, कोणी बी?”

दीपानं तिच्याकडे बघितलं. खरंच कोणी विचारलं नव्हतं. “मले वाटे तू लहान होती, तुले काय समजलं असन.”

“लहान होती, पर जागी होती.”

दीपानं वाजणारे दात आवळले. मग ती म्हणाली, “सांग.”

“नाई सांगत. तुलेच तरास होईन.”

“सांग विजू.”

विजूनं टॉवेलचं टोक हाताभोवती गुंडाळलं. “तू ओरडून राह्यली होती तिकडं. भिंतीतून ऐकू ये. तो डोळे मिटून पडला होता, मले वाटलं झोपला. मंग म्हणे, दीपी ओरडून राह्यली, तुले ऐकू येते का? मी म्हटलं, हो. म्हणे, चांगलं आहे, ओरडते म्हणजे आहे. तसाच ऐकत राह्यला. मंग तू चूप झाली. तुले सुई देली असन तवा. तर तो उठून बसाले पाहे. त्याले बसता येईना. म्हणे, ते काहून चूप झाली? विजू, जाऊन पाह्य. पळ. मी पळाली. तू झोपली होती, तोंड उघडं होतं तुह्यं. आई म्हणे, झोपली आता, जाय, दादाजवळ बस. मी परत पळत आली अन् त्याले सांगतलं, झोपली आहे ते, काही नाई.” तिनं टॉवेलचं टोक सोडून पुन्हा गुंडाळलं. “म्या सांगतलं त्याले. त्याच्या कानाजवळ जाऊन सांगतलं. त्यानं ऐकलं का नाई, ते मले माईत नाई. डॉक्टर, सिस्टर सारेच धावत आले मंग, मले बाहीर काढलं.”

मोरीतलं उरलेलं पाणी जाळीतून खाली जात होतं, त्याचा आवाज येत राहिला. दीपाला रडू आलं नाही. ती त्या झोपेकडे बघत होती. इतकी वर्षं ती कोरी होती, तिच्यात कोणी नव्हतं. आणि आता त्या झोपेच्या दारात बारा वर्षांची एक मुलगी धापा टाकत उभी होती, तिचं उघडं तोंड बघून परत फिरत होती, आणि भिंतीपलीकडे कोणीतरी तिच्या ओरडण्यावर कान ठेवून पडलेलं होतं. मी ओरडायचं थांबवायला नको होतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, आपल्याला हे असं वाटायला नको म्हणूनच विजूनं सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं हिनं हे एकटीनं धरून ठेवलं, पळताना, भाजी टाकताना, खाली पालथी पडलेली असताना. “ऐकलं असन त्यानं,” दीपा म्हणाली. “माईत नाई,” विजू म्हणाली. ती खोटा दिलासा देणाऱ्यांतली नव्हती, आणि घेणाऱ्यांतलीही.

त्या आठवड्यात दीपाला ताप भरला. विजूनं एका रात्रीचीही वाट न बघता गाडी केली आणि नागपूर गाठलं. वाटेत ती सारखी दीपाच्या कपाळाला हात लावत होती आणि काच लावून घेत होती. डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो काढले, नळीत जोरानं फुंकायला लावून फुप्फुसं तपासली, आणि दोघींना समोर बसवलं. दीपानं पाण्याचं सांगितलं, सगळं नाही, भिजले एवढंच. “पाण्याचा याच्याशी संबंध नाही,” बाई म्हणाल्या. “हे आधीपासून चालू असणार. जिना चढताना धाप लागत नव्हती?” दीपानं लागत होती म्हणून सांगितलं. बाईंनी विजूकडे न बघता सांगितलं की आलेल्या पेशी दीपाच्या फुप्फुसांना अजूनही आपलं मानत नाहीत, त्यांनी आतल्या बारीक नळ्या खराब करायला सुरुवात केली आहे, कधी कधी हे इतकं उशिरा कळतं.

“म्हणजे माह्या पेशी,” विजू म्हणाली.

“आता तुमच्या ताईच्याच आहेत त्या,” बाई म्हणाल्या.

“बरं होईन ना पर?”

“थांबवायचा प्रयत्न करू. औषधं वाढवावी लागतील. जेवढं गेलं आहे तेवढं परत येईल असं मी नाही सांगत.”

आईबाबा राजूरहून आले. बाबा आता निवृत्त झाले होते, तेही खाणीच्या धुळीनं खोकायचे. ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले. आईनं पुन्हा मास्क चढवला, पुन्हा हात धुवायला लागली, जणू मधली दोन वर्षं ती नुसती घरी जाऊन आली होती. ताप उतरायला वेळ लागला. त्या दिवसांत विजू दुपारी खाटेजवळ बसायची आणि मध्येच, विचारल्याशिवाय, काहीतरी सांगायची. दादा तिला सायकल शिकवताना मागे धरून चालायचा आणि थकला की झाडाखाली बसून नुसता तोंडानं सूचना द्यायचा. दादानं एकदा शाळेच्या पटांगणात तिच्यासाठी एका पोरट्याला मारलं आणि मग दोन दिवस त्याचाच हात सुजला. दीपाला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या धम्मरत्नला उन्हातलं पटांगण नव्हतं, त्याला फक्त खाट होती. हा दुसराच कोणी होता, त्याला हात होते, तो चिडायचा. तिला ऐकवत नव्हतं आणि थांब म्हणवतही नव्हतं. एकदा विजू स्वतःच्या मनगटाकडे बघत म्हणाली, “माह्यं रक्त बी माह्यासारखंच भांडखोर निंगालं,” आणि दीपाला हसू आलं, आणि हसता हसता खोकल्याची अशी उबळ आली की सिस्टर धावत आली.

सोडलं तेव्हा बाईंनी पुढच्या तारखा दिल्या, जिना टाळायला सांगितलं, धूर, गर्दी टाळायला सांगितलं. विजूनं खालच्या मजल्यावर खोली बघायची ठरवलं होतं. परतताना त्यांना यवतमाळची एसटी मिळाली. दीपा मास्क लावून खिडकीशी बसली, काच बंद. बाहेर कापूस वेचून झालेल्या वावरांत पऱ्हाट्या उभ्या होत्या, कुठे कुठे चुकून राहिलेलं बोंड पांढरं दिसायचं. श्वास पूर्ण आत जात नव्हता. तो एका ठिकाणापर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा, आणि आता बहुतेक असंच राहणार होतं, हे तिला ठाऊक होतं. कळंबच्या आधी कुठेतरी विजूचं बोलणं थांबलं. वॉर्डात इतके दिवस जागलेली ती, बोलता बोलताच झोपली, आणि एका वळणावर तिचं डोकं दीपाच्या खांद्यावर येऊन पडलं. तोंड उघडं होतं. जड डोकं होतं तिचं. गाडी खड्ड्यातून गेली की ते आपटायचं आणि पुन्हा तिथेच टेकायचं. थोड्या वेळानं दीपाचा खांदा दुखायला लागला. मग मानही. साधं दुखणं होतं, दुसऱ्याच्या डोक्याच्या वजनाचं. तिनं खांदा जरा वर करून ते डोकं नीट बसवून घेतलं, आणि यवतमाळ येईपर्यंत ती हलली नाही.